माळाकोळी आलं, पुढं?

"हं, आता घरचा रस्ता सांगा."

ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झालेल्या, अर्धं थंडीनं आणि अर्धं भीतीनं कुडकुडणाऱ्या माणसाला सर हे विचारायचे. पाहुण्याला चहा पुढं करावा इतक्या सहज. माणूस गोंधळायचा. सकाळपासून त्याला सगळ्यांनी दमा विचारलेला असायचा, बीपी विचारलेलं असायचं, दातांची कवळी आहे का, शेवटचं कधी खाल्लं, सगळं विचारून झालेलं असायचं. रस्ता कुणी विचारलेला नसायचा.

"कोणता रस्ता, साहेब?"

"इथनं तुमच्या घरचा. उद्या मला जेवायला बोलावलं तर मी कसा येऊ? नीट सांगा, मला रस्ते कळत न्हाईत."

मग तो सांगायला लागायचा. इथनं ऑटोनं स्टँडवर जायचं, भोकरची गाडी धरायची, बसायला जागा पाहिजे तर आधी रुमाल टाकायचा. सर "हं, हं" करत ऐकायचे आणि त्यांचा उजवा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर केसभर पुढं सरकायचा. मग थांबायचा. पुन्हा केसभर. "बारड आलं की चहाला..." एवढं म्हणून माणसाची जीभ जड व्हायची, पापण्या मिटायच्या आणि सर मागं न बघता सांगायचे, "बारडला झोपले. लिहून घ्या."

सिस्टर लिहून घ्यायच्या. शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही होती, एक भरली की दुसरी. तिच्यात पट्टीनं रेघा मारून तीन रकाने केलेले होते: तारीख, झोप, जाग. नाव नाही, आजार नाही, औषध नाही. त्याचे रीतसर कागद वेगळे असायचे आणि ते सर अगदी काटेकोर भरायचे. ही वही सरांची स्वतःची. झोपेच्या रकान्यात बारड, आणि दीड तासानं पेशंट डोळे उघडायला लागला की सर त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "बारड आलं, पुढं?" पेशंट तोतरं बोलत का होईना, पुढचं गाव सांगायचा. ते जागेच्या रकान्यात जायचं. मगच सर हातमोजे काढायचे. पुढचं गाव आल्याशिवाय त्यांनी कुणालाही टेबलावरून हलवू दिल्याचं मला आठवत नाही. बाहेर नातेवाईक ताटकळत असोत, सर्जन कितीही पाय आपटो.

सर भूलतज्ज्ञ होते. नांदेडात त्यांच्यासारखे पाचपंचवीस तरी असतील, पिशवी घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जाणारे. आमच्या धंद्याचं असं आहे की पेशंटला सर्जनचं नाव जन्मभर लक्षात राहतं आणि भूल देणाऱ्याचं ऑपरेशनच्या आधीही माहीत नसतं. मला याचं फार वाईट वाटायचं. मी तेव्हा नुकती पास होऊन लातूरहून नांदेडला आले होते, पाटीवर नाव असावं असं वाटायचं वय होतं. सर म्हणायचे, "बाई, आपलं नाव ज्याला आठवतं त्याच्या भुलीत काहीतरी गडबड झालेली असती. न आठवणं हेच आपलं सर्टिफिकेट." मला ते बाई म्हणायचे, माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठे असून. रागावले की डॉक्टरीणबाई.

दिसायला सर कुठल्याही अंगानं डॉक्टर वाटत नसत. पांढरा शर्ट, घोट्याच्या वर आलेली पॅन्ट, रबरी चप्पल. हातात घड्याळ नाही. खिशात कायम फुटाणे. औषधं भरलेल्या सिरिंजा ठेवायला त्यांच्याकडं एक स्टीलचा डबा होता, कडीचा, उकळून निर्जंतुक करून घेतलेला, आणि झाकणावर त्यांच्या बायकोचं 'सौ.'पासून सुरू होणारं नाव कोरलेलं. नवीन सिस्टर आली की तिला वाटायचं सरांनी जेवण आणलंय.

डब्यात चार सिरिंजा असायच्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी. पट्टीवर खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि मात्रा, आणि वर मोठ्या अक्षरात सरांनी ठेवलेलं नाव. मिडाझोलाम म्हणजे मावशी, कारण ती पाठीवरून हात फिरवते आणि झालं गेलं विसरायला लावते. फेंटानिल म्हणजे जमादार. तो दुखण्याला दारातच अडवतो, पण जास्त झाला तर श्वासालाही आत सोडत नाही. केटामाईन म्हणजे पैलवान. ताकद दांडगी, बीपी पडू देत नाही, पण एकटा सोडला की पेशंटच्या डोक्यात धिंगाणा घालतो, नाही नाही ती स्वप्नं दाखवतो. आणि खरी झोप आणणारं प्रोपोफॉल पांढरंशुभ्र, त्याला सगळं जगच दूध म्हणतं, सरांनीही तेच ठेवलं.

एकदा थिएटरात केसची तयारी चालली असताना सरांनी आतून आवाज दिला, "पैलवानाला घ्या आत." बाहेर बाकावर बसलेला एक म्हातारा घाबराघुबरा होऊन दारापर्यंत आला आणि वॉर्डबॉयला म्हणाला, "आमची म्हातारी लई गरीब हाय हो. पैलवान कशाला लागून राहिला? मी धरतो की तिचे हात." सर तसेच टोपी-मास्कमध्ये बाहेर आले, म्हाताऱ्याला सिरिंज दाखवली, पैलवान हा एवढासाच आहे म्हणून सांगितलं आणि खिशातले फुटाणे त्याच्या हातावर ठेवून परत गेले.

शिरेतून भूल देण्याबद्दल सरांचं एक मत होतं आणि ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "सगळं काम एकट्याकडं दिलं की तो मालक होऊन बसतो. चौघांना थोडं थोडं द्या, कुणी माजत न्हाई. पण ध्यानात ठेवा, चौघं एकत्र आले की चौघांचं बळ राहत न्हाई, सहा जणांचं होतं. म्हणून एकाला आत सोडलं की बघायचं, बसला का नीट. मग दुसऱ्याला." पुस्तकात हेच चार पानं आलेख काढून सांगितलेलं होतं आणि मी ते आलेख पाठ करून आले होते, त्यामुळं सरांचं बोलणं मला सुरुवातीला गावठीच वाटायचं.

रस्त्याच्या त्या पद्धतीचीही मला लाज वाटायची. पण दवाखान्यांना तिची सवय लागली होती. सर्जन हात धुऊन उभा असायचा आणि विचारायचा, "सर, झोपला का?" सर म्हणायचे, "नायगावात हाय अजून." देगलूरचा पेशंट असला की सर्जन आधीच म्हणायचा, फार लांबचा आहे, मी चहा घेऊन येतो. त्यावर सर गंभीरपणे सांगत, "घाबरू नका, आजवर देगलूरचा एकबी माणूस नरसीच्या पुढं गेलेला न्हाई." उलट एकदा शेजारच्याच गल्लीतला किराणा दुकानदार आला. त्यानं "हितनं निघालो, वळलो, पोचलो" म्हणून चार शब्दांत रस्ता संपवला आणि टक्क डोळे उघडे ठेवून सरांकडं बघत राहिला. सर क्षणभर अडले. मग म्हणाले, "आलासा? बसा मग जेवायला. ताटात काय काय हाय?" दुकानदार अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा असं करत लोणच्यापाशी झोपला. वहीत 'लोणचं' अशीच नोंद आहे. जागेच्या रकान्यात 'ताक'.

धर्माबादकडच्या एका बाईंनी सगळा रस्ता तेलुगूत सांगितला. सरांना तेलुगू येत नव्हतं. ते शेवटपर्यंत "हं, हं" करत राहिले आणि कानाला लागला तो शेवटचा शब्द देवनागरीत लिहून ठेवला. त्या बाई जाग्या होताना सरांनी तोच शब्द उच्चारला, तर बाई खुदकन हसल्या. काय बोललो असेन कोण जाणे, असं म्हणून सर दिवसभर अस्वस्थ होते.

शनिवारी दुपारी दोननंतर मात्र सर केस घेत नसत. कुणीही बोलावलं, कितीही मोठा दवाखाना असला तरी नाही. त्यांच्या पत्नी लातूरला शाळेत शिक्षिका होत्या, घर तिकडं, आणि सर आठवडाभर नांदेडला एका खोलीत. तीनच्या लातूर गाडीनं जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं, हा तीस-बत्तीस वर्षांचा नेम. मी नांदेडला येण्याच्या आधीच त्या वारल्या होत्या आणि लातूरचं घर सरांनी विकून टाकलं होतं. हे मला माहीत नव्हतं. मी आपली दर शनिवारी त्यांना विचारायची, "सर, लातूरला ना? आमच्या आईला निरोप द्यायचा होता." ते हो म्हणायचे, निरोप घ्यायचे. आईला एकही निरोप कधी पोचला नाही. शेवटी सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सर स्टँडवर जातात, लातूरच्या फलाटासमोर बसतात, तीनची गाडी सुटली की उठतात आणि चालत खोलीवर येतात. त्यानंतर मी निरोप देणं बंद केलं. मला तेव्हा इतकं ओशाळल्यासारखं झालं होतं की पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी नजर मिळवली नाही.

आता माझ्या चुकीचं सांगते, कारण ते न सांगता सर सांगून होत नाहीत.

लोह्याकडची एक आजी होती, मनगट मोडलेलं. पंधरा मिनिटांचं काम. सर शेजारच्या थिएटरात मोठ्या केसला होते आणि ही मी एकटीनं करायची होती. सर्जनला पुढं दुसरीकडं जायचं होतं, तो दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मी रस्ताबिस्ता काही विचारला नाही. मावशी दिली. आजी टक्क जागी. थोडी अजून दिली. जागीच. जमादार दिला. आजी म्हणाली, "पोरी, झालं का गं?" सर्जननं माझ्याकडं असं बघितलं की मी दूधही सोडलं. आणि मग एका मिनिटात तिघंही एकदम पोचले. म्हाताऱ्या माणसाचं रक्त सावकाश फिरतं, हातातलं औषध डोक्यापर्यंत जायला वेळ लागतो, हे मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होतं. आजीची छाती हलायची थांबली. ओठ निळसर झाले. मॉनिटर ओरडायला लागला आणि मी ओरडले, सरांना बोलवा.

सिस्टर धावत गेल्या. सरांनी आपल्या पेशंटपाशी तिथल्या दुसऱ्या भूलतज्ज्ञाला उभं केलं आणि ते आले. मला बाजूला ढकललंही नाही, नुसते माझ्या आणि आजीच्या मध्ये येऊन उभे राहिले. हनुवटी उचलली, मास्क बसवला आणि श्वास देणारा फुगा दाबायला लागले. "पाय वर घ्या तिचे. सलाईन सोडा. बाई, नाडीवर हात ठेवा अन् मला सांगत राहा." माझी त्यांनी कामाला लावून सुटका केली. वीसेक मिनिटं ते फुगा दाबत होते, एका लयीत. मग आजीनं स्वतःचा एक श्वास घेतला. मग दुसरा.

सर वाकले आणि तोंड उघडून थांबले. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हिला कुठून उचलायचं? कुठं सोडलीस तू?"

मला सांगता येईना. मी तिला कुठंच सोडलं नव्हतं, नुसतं ढकललं होतं. मग सरांना काही न विचारता तिथं नुसतं थांबावं लागलं. थांबून थांबून एकदाचे आजीनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझी पिशवी कुठं हाय?" सरांनी स्वतः जाऊन पिशवी आणून तिच्या उशाशी ठेवली. वहीत त्या दिवशी झोपेचा रकाना रिकामा आहे आणि जागेत लिहिलंय 'पिशवी'.

संध्याकाळी टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मी रडायच्या बेतात होते आणि नोकरी सोडायच्याही. बराच वेळ त्यांनी फुटाणे सोलले. मग म्हणाले, "तुला काय वाटलं, रस्ता मी पेशंटला गुंगवायला विचारतो? तो कामून गुंगंल? भ्यालेला माणूस रस्त्यानं गुंगत न्हाई. बाई, रस्ता आपल्या अंगठ्यासाठी असतो. माणूस सांगायला लागला की ऐकावं लागतं. अन् ऐकून राहिलेल्या माणसाचा अंगठा पळत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी रस्ता विचारायला लागले. आजही विचारते.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी सर म्हणाले, "येतीस का? करखेलीला जाऊ." करखेली म्हणजे उमरीच्या पुढचं, धर्माबादच्या अलीकडचं गाव, तिथं सरांचं कोण आहे मला माहीत नव्हतं. सकाळच्या रेल्वेनं गेलो. मुदखेड, उमरी. सर खिडकीत बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव तोंडातल्या तोंडात म्हणत होते. मला गंमत वाटली. म्हटलं, "सर, तुम्ही वहीतली गावं बघत हिंडता की काय?"

"हिंडतो कधी कधी. ज्याला जिथं झोपवलं ती जागा तरी बघावी माणसानं."

करखेलीला उतरलो. सर गावात गेले नाहीत. फलाटावरच्या बाकावर बसले, नळाचं पाणी प्याले. गाडी निघून गेली तसं सगळं शांत झालं. मग पिशवीतून सगळ्यात पहिली, पिवळी पडलेली वही काढून त्यांनी पहिलं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. पहिली ओळ. झोप: करखेली. जाग: काही नाही.

"तरुण होतो," सर म्हणाले. "तुझ्याएवढा. बाळंतीण होती, रक्त लई गेलेलं. सगळेच घाईत. ती भ्यालेली, आपली आपण बडबड करून राहिली होती. मुदखेड, उमरी, करखेलीला उतरलं की मारुतीच्या देवळापसनं आत, असं. कुणी विचारलं न्हवतं तिला. तिला घरी जायचं होतं, म्हणून सांगून राहिली होती. मी म्हणलं, बाई, गप पडा, नंतर सांगा. अन् धडधाकट माणसाला देतात तेवढं सगळं एका दमात दिलं. तेवढं रक्तच न्हवतं तिच्यात ते झेलायला."

मी वही मिटली.

"लेकरू वाचलं," ते म्हणाले. "पण मी तिला नंतर सांगा म्हणलो होतो."

मारुतीचं देऊळ स्टेशनातून दिसत नाही. सर कधी तिथपर्यंत गेले होते का, हे मी विचारलं नाही. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तिथं बसलो आणि सगळे फुटाणे संपवले. त्या दिवशी मला ते जितके आवडले तितकं मला माझ्या घरच्यांखेरीज कुणीच आवडलेलं नाही.

पुढं मी माझी मी काम करायला लागले, सरांनी वयामुळं काम कमी केलं, मग बंद केलं. हृदयात दोन स्टेंट बसले. त्यांचा मुलगा हैदराबादेत होता, तो बोलवायचा, सर जायचे नाहीत. फोनवर एकच गोष्ट सकाळी सांगायचे आणि दुपारी पुन्हा सांगायचे. खोलीची किल्ली हरवायची. मी मनातल्या मनात घाबरायची, वरवर चेष्टा करायची.

आणि एका शनिवारी सर स्टँडवर पडले. लातूरच्या गाडीच्या पायरीवरून. खुब्याचं हाड मोडलं. मी विचारलं, "सर, चढत होता की उतरत?" "तेच आठवून राहिलोय," ते म्हणाले.

ऑपरेशन करावंच लागणार होतं. स्टेंटसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळं पाठीत इंजेक्शन देऊन भागण्यासारखं नव्हतं. पूर्ण भूल द्यायची होती. मुलगा रात्रीच्या गाडीनं आला, हैदराबादला नेतो म्हणाला. सरांनी त्याला थोपटलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हीच देईल."

मला नको होतं ते काम. सर्जनपेक्षा, मुलापेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त मला भीती होती. हृदयाची होतीच. पण या वयात भूल उतरल्यावर डोकं नीट परत येईलच असं नसतं. कुणी काही दिवस बरळतं, कुणाचं कायमचं थोडं मागं राहून जातं. ज्यांचं आधीच विसरायला सुरुवात झालीय त्यांचं जास्त. सरांनाही हे माहीत होतं. आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"मरायचं काय न्हाई बाई, ते होईल तेव्हा होईल. पण जाग आली अन् पुढचं गाव आलं न्हाई, तर मला सांगायचं. लपवायचं न्हाई. जागेचा रकाना रिकामा सोडायचा, खोटं लिहायचं न्हाई."

"सर, असं काही..."

"हो म्हण."

मी हो म्हटलं.

सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. मी त्यांचाच डबा उकळून घेतला होता. चिकटपट्ट्यांवर वर मोठ्या अक्षरात त्यांनी ठेवलेली नावं. सरांनी मान वळवून डब्यात बघितलं.

"दोघंच? जमादार अन् दूध? पैलवान कुठं हाय?"

"तो हृदय पळवतो. तुम्हाला झेपायचा नाही."

"अन् मावशी?"

"मावशी विसरायला लावते सर. तुम्हाला आज काही विसरायचं नाहीये."

सरांनी मान सरळ केली. मग म्हणाले, "शहाणी झालीस गं." बाई नाही, डॉक्टरीणबाई नाही. माझे डोळे भरून आले ते मास्कवरून सिस्टरना दिसले असणार, पण त्या वहीत रेघ मारत असल्याचं दाखवत राहिल्या.

मी जमादार थोडा सोडला. वाट बघितली. मग दुधाच्या सिरिंजवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "सर, घरचा रस्ता सांगा."

त्यांच्या खोलीवर जायचा रस्ता चारच वळणांचा होता. ते तो सांगतील आणि मला ताटात काय वाढलंय विचारावं लागेल, असं मी धरून चालले होते. सर म्हणाले, "स्टँडवर जायचं. तीनची लातूर गाडी. उजव्या खिडकीला बसायचं. लातूर फाटा... विष्णुपुरी... धरण दिसतं उजव्या हाताला, उन्हात लई चमकतं..." माझा अंगठा केसभर सरकला. थांबला. "सोनखेड. लोहा. लोह्याला गाडी थांबती, पण उतरायचं न्हाई..." केसभर. "ती वाट बघून राहिलेली असती... माळाकोळी..."

"माळाकोळीला झोपले," मी म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. हृदयानं साथ दिली. औषधं बंद केली, श्वास त्यांचा त्यांनी घेतला, घशातली नळी काढली. पापण्या हलल्या तशी मी वाकले.

"सर, माळाकोळी आलं. पुढं?"

काही नाही. डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, पण मी कोण हे त्या नजरेत नव्हतं. पुन्हा मिटले. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. दहा मिनिटांनी. सिस्टर हातात वही धरून उभ्या होत्या. बाहेर मुलगा येरझाऱ्या घालत होता. सर्जन म्हणाला, वयामुळं वेळ लागेल, रूममध्ये हलवू या. मी म्हटलं, हलवायचं नाही. तो स्टूल ओढून तिथंच बसला, त्यालाही ही शिस्त सरांनीच लावलेली होती.

अर्ध्या तासानं ओठ हलले.

"सर? माळाकोळी आलं. पुढं?"

"लोहा," सर म्हणाले.

मी सिस्टरकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. माळाकोळीच्या पुढं अहमदपूर लागतं. लोहा मागं राहतं. मला वाटलं, संपलं, आणि हे यांना सांगायचं मी कबूल केलंय. तरी एकदा, नुसतं विचारायचं म्हणून, मी म्हटलं, "मग पुढं?"

"सोनखेड." दम घेत, एकेक शब्द. "मग विष्णुपुरी. धरण... डाव्या हाताला."

डाव्या. जाताना त्यांनीच सांगितलं होतं, उजव्या. मला आणि सिस्टरना एकदमच उमगलं. सरांचा रस्ता चुकलेला नव्हता. गाडीचं तोंड फिरलं होतं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही परत येताय?"

त्यांनी डोळे उघडले. आता त्या नजरेत मी होते.

"लातूरला आता कोण हाय," ते म्हणाले. "माळाकोळीलाच उतरलो अन् हिकडची गाडी धरली. तू थांबली असशील म्हणलं."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर रडले. नंतर वही घेऊन माझ्या हातानं लिहिलं: झोप, माळाकोळी. जाग, लोहा.

सर त्यानंतर अडीच वर्षं जगले, नांदेडलाच, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. शेवटी गेले तेही झोपेत, आणि ती झोप कुणी दिलेली नव्हती. वही माझ्याकडं आहे. नवीन शिकायला आलेली मुलं ती चाळतात आणि त्या ओळीवर बोट ठेवून मला सांगतात, मॅडम, हे उलटं लिहिलंय. मी त्यांना म्हणते, राहू दे.